डॉक्टरांचा चहा

दर्यापुरात गाद्या-रजया भरणाऱ्या नबीचा जीव जळायचा तो समोरच्या चक्कीवाल्या खुशालरावावर. आणि तोही कशापायी, तर रामराव डॉक्टरांनी त्याला चहा पाजला म्हणून.

रामराव म्हणजे नबीचे घरचे डॉक्टर. नबीच्या बापाचं दुखणं त्यांनी काढलं, पोरीच्या गोवरात ते घरी येऊन बसले. खुशालरावाला त्यांची पायरीही माहीत नव्हती. भूक मेली, पाठ धरते म्हणाला, तेव्हा नबीनेच त्याला आपल्या गाडीवर बसवून नेलं. आणि आता पाहा. तो गेला की डॉक्टर खुर्ची ओढून जवळ बसतात, "या खुशालराव" म्हणतात, चहा मागवतात, दार लोटून घेतात. त्याला अकोल्याला मोठ्या तपासणीलाही पाठवलं. नबीला कधी अंजनगावलाही धाडलं नाही. नबी गेला की एकच, "काऊन बे, आज कोणता रोग आणला?"

रोग मोबाइलातला असायचा. दोन सालांपासून पावसाने दगा दिलेला, सोयाबीन हातचं गेलं, कापसाला भाव नाही. अशात नव्या गाद्या भरतो कोण? पिंजायचं यंत्र बंद आणि नबी रिकामा. मग मोबाइलला विचारत बसायचा, खोकला येते, छातीत कळ येते, काय असंल? मोबाइल कधी टीबी सांगायचा, कधी हृदय, कधी त्याहून वाईट. नबीला घाम फुटायचा. बायको अकीला म्हणायची, "त्या डबड्याले काय इचारता, डॉक्टरले इचारा." पण खरं सांगायचं तर त्या भीतीखाली एक लबाड आशाही असायची. यावेळी तरी डॉक्टर खुर्ची ओढतील.

डॉक्टर नीट तपासायचे आणि मग तोंड सोडायचे. "गधड्या, कापूस पिंजताना तोंडाले फडकं बांध म्हनलं होतं. बांधलं? नाही. मोबाइल मात्र सुटत नाही. जाय घरी, लोकं खोळंबले."

बाहेर बाकावर नंबराची वाट बघणारी माणसं हसायची. खुशालराव डॉक्टरांच्या नात्यागोत्यातला असेल, आपण कोण, असंही वाईटसाईट नबीच्या मनात येऊन जायचं.

दिवाळीनंतर चक्की बंद दिसू लागली. नबी भेटायला गेला, खरं तर टोमणा मारायलाच. खुशालराव खाटेवर पडला होता. अंगातला सदरा दुसऱ्या कुणाचा असावा इतका ढगळ झाला होता. त्याच्या बायकोने, मैनाबाईने, पाणी दिलं आणि ती आत गेली. ते सगळं पाहूनही नबीच्या तोंडून निघायचं ते निघालंच.

"मजा आहे राव तुमची. तुमाले चहा, आन् मले निस्त्या शिव्या."

"अजून देते का तुले?"

"काल तर गधड्या म्हने."

"नशीबवान आहेस गड्या," खुशालराव म्हणाला. "पयल्या खेपेले मलेई दिल्या होत्या. म्हने, चक्कीवाल्या, फुकटचं पीठ खाऊन पोट बिघडलं तुयं. मग अकोल्याचा रिपोर्ट आला आन् त्या दिवशी चहा मांगवला. तवापासून अहो-जाहो. मी त्या बाकावर बसून आयकत जातो नबी. तुले झाडून राहिले की समजते, याले काही झालं नाही. लय हेवा वाटते मले तुया."

नबी उठला आणि तडक दवाखान्यात गेला.

"आता काय सापडलं मोबाइलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"मले काही नाही झालं," नबी म्हणाला. हे वाक्य त्याने त्या खोलीत पहिल्यांदाच उच्चारलं. "चक्कीवाल्याले शिव्या द्या डॉक्टर. माह्या वाट्याच्या द्या."

डॉक्टर चष्मा काढून पुसत राहिले.

संध्याकाळी ते खुशालरावाच्या घरी आले. नबी दारातच थांबला. मैनाबाई चहा ठेवायला उठली.

"चहा नको," डॉक्टर म्हणाले. खाटेशी उभे राहिले आणि त्यांनी आवाज चढवला. "काऊन बे चक्कीवाल्या, दाढी काऊन नाही केली? जेवला का नाही? सारी गल्ली पिठावाचून बसली आन् तू इथं लोळून राहिला, गधड्या."

खुशालराव उठून बसला. हे खरं नाही, हे त्यालाही कळत होतं, पण त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला. त्याने मैनाबाईला भाकर मागितली. डॉक्टर मध्येच चष्मा पुसायला थांबले.

'गधड्या' ऐकलं तशी नबीच्या काळजात जुनी जळजळ उठली. तो शब्द आजवर त्याच्या एकट्याचा होता.

"थांबू नका डॉक्टर," खुशालराव भाकर मोडता मोडता म्हणाला, "अजून द्या."