थरथर कोणाची
कात्रजच्या उतारावर तापलेल्या ब्रेकचा करपट वास आला की बाबांनी गाडी चालवणं सोडलं ते दिवस आठवतात. कारण न सांगताच किल्ली माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले होते, "आता तूच चालव." त्यानंतरच्याच रविवारी घाट उतरताना मी ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग हातात थरथरलं. शेजारी बसलेले बाबा माझ्या हातांकडे बघतच राहिले. "अरे, मला वाटलं माझेच हात कापायला लागलेत!" गॅरेजवाल्याने चाक काढलं, तर ब्रेकची डिस्क झिजून कुठे जाड, कुठे पातळ झालेली. "म्हणजे म्हातारी गाडी झालीय," असं म्हणून बाबांनी किल्ली परत घेतली. इतक्या वर्षांनी परवा मी ब्रेक दाबताना स्टिअरिंग पुन्हा थरथरलं. घरी येऊन मुलीला म्हटलं, "जरा तू एक चक्कर मारून बघ गं."