आकारामची नखं

माझा मावसभाऊ आकाराम सेहेचाळीस साली सिग्नल पलटणीतून घरी आला, तेव्हा त्याच्या ट्रंकेत सांगण्यासारख्या दोनच वस्तू होत्या. बायकोसाठी एक लुगडं आणि स्वतःसाठी लोखंडी नखं. लुगडं वर्षभरात विरलं. नखं मात्र नव्यासारखी राहिली, कारण त्यांची निगा तो जातीनं ठेवायचा.

नखं हे नाव गावानं दिलं. नडगीला लागून एक लोखंडी पट्टी, घोट्याशी आणि गुडघ्याखाली चामड्याचे पट्टे, आणि तळपायाच्या आतल्या बाजूनं खाली आलेला बोटभर टोकदार काटा. हे पायांना बांधून तो ब्रह्मदेशात तारा ओढायला झाडांवर आणि खांबांवर चढला होता. इकडं रहिमतपूरच्या आजूबाजूला एखादं झाड छपरावर कललं, की शेंड्याकडून तुकडे करत ते उतरवायला आकारामला बोलावणं यायचं. खाली दोर धरायला मी. नखं फक्त पाडायच्या झाडाला. राखायच्या झाडावर तो अनवाणीच चढे. "जित्या झाडाला भोकं पाडायची न्हाईत," म्हणायचा.

दर रविवारी ओट्यावर बसून तो पट्टे पुसायचा, त्यांची शिलाई बघायचा आणि बारीक कानस घेऊन काट्याच्या फक्त आतल्या अंगाला, टोकाच्या दिशेनं, चार-पाच हात मारायचा. मी एकदा विचारलं, ज्योतिबा लोहाराकडून एकदाच काय ती पाजवून का घेत नाहीस? "तापलं की मेलं," म्हणाला. इतकंच. पलटणीत माणसाला कमी बोलायला शिकवत असावेत.

त्याची बायको रंगूवैनी. तिला ती नखं बघवत नसत. चार वर्षं नवऱ्याची वाट बघून झाली होती, आणि आता तो तिच्या डोळ्यांदेखत आभाळात चढत होता. सत्तेचाळीसच्या खंडेनवमीला अवजारं पूजेला मांडायची म्हणून ती फाळ, खुरपी, पहार पाजवायला घेऊन निघाली. आकाराम कागदपत्रांसाठी साताऱ्याला गेला होता. तिनं पाटीत नखंही टाकली. काटा जितका अणकुचीदार तितका माणूस वर घट्ट, असा तिचा साधा विचार. ज्योतिबानंही फौजीची वस्तू म्हणून जीव ओतला. भात्यावर लालभडक तापवली, ठोकून लांब केली, सुईसारखं टोक काढलं.

नवमीला पाटावर हळदकुंकू लावलेली नखं चकाकत होती.

"कशी झाल्यात?" वैनीनं विचारलं.

"ब्येस," आकाराम म्हणाला.

दसरा झाल्यावर त्यानं मला परड्यात नेलं. काट्यावर कानस फिरवली. एरवी ती घसरायची, आज गुळात शिरावी तशी शिरली. मग नख पायाला बांधून त्यानं बाभळीच्या ओंडक्यावर जोरात पाय मारला. काटा वाकला. तापवल्यानं पोलादाचं पाणी पार उतरलं होतं.

"हिला कळू द्यायचं न्हाई," तो म्हणाला.

अडचण अशी, की शाळेच्या कौलांवर कललेली निलगिरी दसरा झाल्याबरोबर उतरवतो, असा शब्द त्यानं लालासाहेब पाटलांना चावडीवर चार माणसांत दिला होता. दोन माड्यांच्या उंचीपर्यंत फांदी नाही, खोड गुळगुळीत. आणि आकारामनं दिलेला शब्द कधी मोडला नव्हता. मिरवायला त्याच्याजवळ तेवढंच होतं. तो चावडीवर गेला आणि गुडघा दुखतो म्हणून सांगून आला.

मग काय, गावाला विषय मिळाला. "जपान्याला भ्याला न्हाई, निलगिरीला भ्याला!" पारावरची माणसं आधी निलगिरीला रामराम घालायची, मग त्याला. तो मुकाट्यानं रामराम परत करायचा. घरी रंगूवैनी रोज त्याच्या गुडघ्याला तेल चोळायची. गुडघा ठणठणीत होता. आठ दिवस त्यानं तो चोळून घेतला, आणि कुठं दुखतंय विचारलं की रोज वेगळी जागा दाखवली.

नवव्या दिवशी पाटलांनी त्याला पुन्हा चावडीवर बोलावलं, तेव्हा माझं डोकं फिरलं. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, हे आकारामला माहीत असायला हवं होतं. मी जाऊन वैनीला सगळं सांगितलं.

तिनं हातातली परात खाली ठेवली, डोक्यावर पदर घेतला आणि तडक निघाली. मी मागोमाग. आमच्याकडं बाईमाणूस चावडीची पायरी चढत नसे. ती चढली. आत आकाराम खांबाला टेकून खाली मान घालून बसला होता आणि माणसं हसत होती.

"पाटील," ती म्हणाली, "ह्यांचा गुडघा बरा हाय. नखं म्या बिघडवली. न इचारता लव्हाराकडं नेली, तिथं त्यांचं पाणी गेलं. कुनाला हसायचं आसंल तर मला हसा."

लालासाहेब खाकरले. "आरं आकाराम, मग तवाच का बोलला न्हाईस?"

"बोललो असतो, तर तुमी हिला हसला असता," आकाराम म्हणाला.

मला तिथंच रडू आलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तो उठला, तिच्याजवळ गेला, आणि दोघं पायऱ्या उतरून घरापर्यंत शेजारीशेजारी चालत गेली. आमच्या गावात नवराबायको तशी चालत नाहीत. पारावरच्या माणसांनी त्या दिवशी निलगिरीला रामराम घातला नाही.