जन्या-पद्याची गाणी आणि मी

"थांब रं, अजून संपलं नाय."

गाणं वाजवून झालं की तो उजवा तळहात वर करून हे म्हणायचा. आपल्याला वाटायचं झालं, आता बोलायला हरकत नाही. तो मात्र मान तिरकी करून गिटारच्या शेवटच्या तारेचा आवाज पूर्ण विरेपर्यंत ऐकत राहायचा. तोवर खोकायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही. एकदा मला नेमकी त्याच वेळी शिंक आली. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी शिंक मी गिळली.

तुमच्यापैकी ज्यांनी कर्जतला मिक्सर किंवा पाण्याची मोटार दुरुस्तीला नेली असेल, त्यांनी त्याला नक्की पाहिलं असणार. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळलेल्या मोटारीतली तांब्याची तार उपसून काढायची आणि नवी गुंडाळायची, हे त्याचं काम. गुंडाळताना तो मनात तारेचे आटे, म्हणजे वेढे, मोजायचा. तेव्हा कोणी काही विचारलं तर उत्तर मिळायचं नाही, त्यामुळे निम्मा बाजार त्याला शिष्ट समजायचा. मलाही तो आधी शिष्टच वाटला.

मी मूळचा घाटावरचा. पळसदरीला माझा साउंड भाड्याने द्यायचा धंदा आहे आणि मागच्या खोलीत छोटंसं रेकॉर्डिंग. हळदीची गाणी, भजनी मंडळं, निवडणुकीत रिक्षावरून फिरवायच्या घोषणा, असं जे येईल ते. एकदा माझ्या अँप्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर जळला म्हणून त्याच्याकडे नेला. तो मोजत बसला होता आणि मी काउंटरवर बोटं वाजवत उभा होतो. मोजून झाल्यावर तो पहिलं वाक्य बोलला ते असं :

"ढोलकी चांगली वाजवत आसशील. पन ह्या काउंटरची काच फुटली हाय, बोट कापंल."

तेव्हापासून आमची मैत्री झाली. दहा वर्षं मी रोज संध्याकाळी त्याच्या दुकानात चहाला जात होतो. तो मला 'घाटावरला' म्हणायचा, मी त्याला 'आटेवाला'. त्याच्या मुलीच्या साखरपुड्याला साउंड माझा होता आणि माझ्या घराच्या वास्तुशांतीला सकाळपासून पंखे लावत हा शिडीवर होता. त्याचा सर्वांत जवळचा मित्र मीच, असं मी धरून चाललो होतो. माणूस काहीही धरून चालतो.

मग त्याने गाणी करायला घेतली आणि मला कळलं की माझ्या आधी दोघं रांगेत उभे आहेत, आणि दोघंही मेलेले आहेत.

जन्या आणि पद्या. भिवपुरीजवळच्या एका गावात हे तिघं एका बाकावर शिकले. आधी बेंजो पार्टीत होते, वरातीत आणि हळदीत वाजवायचे. पद्याचे वडील वीजकेंद्रात कामाला होते. त्यांच्या क्वार्टर्समध्ये कोणाच्या तरी पाहुण्याने आणलेली इंग्रजी रॉकची कॅसेट ह्या तिघांनी ऐकली आणि बेंजो ठेवून दिला. जन्या ड्रम वाजवायला लागला, पद्या बास गिटार. आणि आमच्या ह्या आटेवाल्याने स्वतःच्या गिटारीच्या तारांखालची कॉइल घरीच गुंडाळली, पंख्याच्या तारेने. ती शेवटपर्यंत तीच होती.

पद्या खालापूरजवळ जुन्या हायवेवर मोटारसायकलच्या अपघातात गेला. दोन वर्षांनी जन्या किडनीच्या दुखण्यात गेला. त्यानंतर ह्याने गिटार माळ्यावर टाकली. हे सगळं मला कधी कळलं? दहा वर्षांच्या चहानंतर, जेव्हा तो एका मंगळवारी गिटार घेऊन माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "आठ गानी हायेत. दोघांची. तू रेकॉर्ड कर."

"कोण दोघं?" मी विचारलं. एवढीच होती माझी किंमत.

आता लपवण्यात अर्थ नाही, सांगून टाकतो. मी जळायचो. जिवंत माणसावर जळणारे तुम्ही खूप पाहिले असतील. जिवंत माणसाचं एक बरं असतं, आज ना उद्या तो काहीतरी चूक करतो, भांडतो, उसना नेलेला पाना परत आणत नाही. जन्या-पद्याकडून असलं काही व्हायची आशाच नव्हती. ते दोघं दिवसेंदिवस चांगलेच होत चालले होते.

मंगळवारी त्याचं दुकान बंद असे, म्हणून दर मंगळवारी दुपारी रेकॉर्डिंग. पहिल्याच मंगळवारी तो जन्याचा ड्रमसेट टेंपोत घालून घेऊन आला. जन्याच्या आईने तो गोधड्यांखाली झाकून ठेवला होता. ड्रम मी वाजवायचे असं ठरलं. स्टुलावर बसलो तर पाय नीट टेकेनात. मी स्टूल खाली करायला लागलो.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "जन्याची उंची हाय ती."

"अरे, पण वाजवणार मी आहे ना?"

"टाचा वर करून वाजव. येतंय तुला."

मग त्याने तिघांच्या तालमीची जुनी कॅसेट लावली. खरखर, मधे कोणाची तरी आई 'जेवायला या रं' म्हणून ओरडते आहे, आणि मागे जन्याचा ड्रम. जन्या वाईट वाजवायचा नाही. पण तिसऱ्या कडव्याआधी तो दरवेळी घाई करायचा, अर्धी मात्रा पुढे पळायचा. मी ढोलकीवर वाढलेला माणूस, मला ते कानाला टोचलं.

"इथं चुकलाय तो," मी म्हणालो.

"चुकलाय नाय. घाई करायचा. तू पन कर."

म्हणजे पाहा, मी पंचवीस वर्षं लय सांभाळली, भल्याभल्या बुवांकडून शाबासकी घेतली, आणि आता मला एका मेलेल्या माणसाची चूक घोटून घोटून पाठ करायची होती. केली. सात गाण्यांत केली. प्रत्येक वेळी ती जागा आली की ह्याचा चेहरा खुलायचा. तो हसायचा, माझ्याकडे बघायचाही, पण ते हसू माझ्यासाठी नसायचं. मला कळायचं ना ते. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याही वाजवण्यावर तो तसा हसला नव्हता.

पद्याच्या बासची जागा त्याने रिकामीच ठेवली. मी म्हणालो, "खाली आधार नाही, गाणं पोकळ वाटतंय." तो म्हणाला, "पोकळच हाय." गिटारचा आवाज तर त्याला असा फाटका हवा असायचा की शेजारच्या काकू एकदा खिडकीत येऊन म्हणाल्या, "भाऊ, तुमचा स्पीकर गेला वाटतं." स्पीकर फाटू नये म्हणून मी सगळी हयात घालवली होती. तिकडे बंगल्यांवर येणारी मुंबईची गिऱ्हाईकं मी परत पाठवत होतो आणि इथे दर मंगळवारी मुद्दाम आवाज फाडत बसलो होतो. तेही कोणासाठी, तर जन्या-पद्यासाठी.

मधूनच घाट चढणारी मालगाडी जायची आणि खोली हादरायची. तेव्हा तो थांबायचा आणि त्या दोघांच्या गोष्टी सांगायचा. पद्याने एकदा हळदीच्या मांडवात नवरदेवाच्याच चपला घालून पोबारा केला. जन्याला पोहायला येत नसतानाही त्याने धरणात उडी मारली, कारण ह्याने मारली होती. मी 'हो का' म्हणायचो आणि मनात मालगाडीचे डबे मोजायचो. आम्ही दोघांनीही कितीतरी उद्योग केले होते. खोपोलीला एकदा आमची सगळी वायर उंदरांनी कुरतडली होती आणि ह्याने भर लग्नात बसून ती जोडून दिली होती. त्यावर गाणं नव्हतं.

आठवं गाणं जन्याच्या शेवटच्या दिवसांवर होतं. "दार लोटलंय, लावलं नाय" अशी त्याची सुरुवात होती. त्या मंगळवारी मी काय केलं ते सांगतो. तिसऱ्या कडव्याआधीची ती जागा आली आणि मी घाई केली नाही. मुद्दाम केली नाही. माझ्या पद्धतीने, वजनात, मात्रेवर मात्रा ठेवून वाजवलं. आयुष्यात इतकं चांगलं मी क्वचित वाजवलं असेन. एकदा तरी त्याने मला ऐकावं, एवढंच होतं मनात.

तार विरली. तळहात खाली आला. तो म्हणाला, "आज जन्या नाय आला."

गिटार तिथेच ठेवून तो निघून गेला. चार दिवस त्याच्या दुकानाकडे जायची माझी हिंमत झाली नाही. पाचव्या दिवशी गेलो. तो पंख्याची कॉइल गुंडाळत होता. मी उभा राहिलो. मोजून झालं.

"परत वाजवतो," मी म्हणालो. "घाई करतो. चुकलं माझं."

"नको. तसंच ऱ्हाऊ दे."

"रागावलायस?"

"नाय रं. सात गान्यांत त्याला आनला, आठव्यात नाय आला. बरोबरच हाय. तो नायच हाय ना आता." मग त्याने कॉइल खाली ठेवली आणि तो मान फिरवून गल्लीकडे पाहू लागला. मला माझी लाज वाटली. आणि खरं सांगतो, त्या लाजेच्या पोटातसुद्धा मला वाटून गेलं की, बघ, हेही गाणं जन्याचंच झालं.

अल्बमचं नाव त्याने 'जन्या नि पद्या' ठेवलं. त्याच्या पुतणीने तो इंटरनेटवर टाकला आणि एका दुपारी भिवपुरीच्या सभागृहात गावासाठी लावला. साउंड अर्थात माझा. पहिल्या रांगेत जन्याची आई बसली होती. सात गाणी ती नुसती ऐकत होती, पदर नीट करत होती. आठवं सुरू झालं आणि म्हातारी रडायला लागली. संपल्यावर माझ्याकडे आली, माझे दोन्ही हात धरले.

"ह्यो माज्या जन्याचा हात," ती म्हणाली. "ह्या गान्यात त्योच हाय. बाकीच्यात तू व्हतास."

दोन पावलांवर तो उभा होता, त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने तोंडावर रुमाल धरला. रडत होता की हसत होता, मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. बहुतेक दोन्ही असावं.

त्यानंतर एकदा मी विषय काढलाच. चहा आला होता. मी थट्टेच्या सुरात म्हणालो, कारण दुसऱ्या सुरात जमलं नसतं, "माझ्यावर पण कर की एखादं गाणं."

"तुझ्यावर?" तो खरंच गोंधळला. "तू हायस की समोर. तुला चहा देतो ना मी. ते दोघं आसते तर त्यांना पन चहाच दिला आसता, गानी कशाला केली आसती?"

आणि बशी माझ्याकडे सरकवून पुन्हा तार गुंडाळायला लागला. हे उत्तर मला तेव्हा अजिबात पटलं नाही. मला वाटलं, टाळलं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी, दुकानात बसल्या जागी तो गेला. फोन आला तेव्हा मी चौक गावाजवळ एका मांडवात स्पीकर चढवत होतो. धावत गेलो, पण धावून काही होणार नव्हतं. अर्धी गुंडाळलेली मोटार तशीच टेबलावर होती. किती आटे झाले होते ते कोणालाच माहीत नसल्यामुळे, ज्याने पुढे ते काम घेतलं त्याला सगळी तार उपसून पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

तेराव्यानंतर वहिनींकडे गेलो होतो. त्याच्या घरी मी सणासुदीला जायचो, पण वहिनी माझ्याशी कधी दोन शब्दांपलीकडे बोलल्या नव्हत्या. पाणी आणून ठेवायच्या आणि आत जायच्या. त्या दिवशी समोर बसल्या. मी जन्या-पद्याचं काढलं. म्हणालो, "त्या दोघांवर फार जीव होता त्याचा."

"आसंल," त्या म्हणाल्या. "मला काय ठाव नाय. त्या दोघांचं नाव बी कंदी घरात काढलं नाय त्यांनी. गानी ऐकली तवा मला कळलं, आसे कोन व्हते म्हनून."

मी हातातला पेला खाली ठेवला.

"तुमचं मातर रोज," वहिनी म्हणाल्या. "आज घाटावरला चिडला, आज घाटावरला ह्ये बोलला, आज त्याचा दात दुखत व्हता. जेवताना तुमी, झोपताना तुमी. आठवड्याची एक सुट्टी, ती बी तुमच्याकडं." त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. "आता सांगते, भावजी, राग मानू नका. मला लई राग यायचा तुमचा. वाटायचं, ह्या मानसात आसं काय हाय, जे माझ्यात नाय?"

माझ्यावर कोणी जळत असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. इतकी वर्षं. शेजारच्या खोलीतून.

तिथून निघालो तो सरळ बाजाराच्या मागच्या गल्लीत आलो. त्याला हे सांगायचं होतं. शटरसमोर पोचल्यावर लक्षात आलं.