यकीम शुक्रवारी कुठे जायचा

परवा आमच्या मंडळीत जेवणाच्या वेळी एकाने दुसऱ्याला ‘सदूकी’ म्हटलं. चक्क शिवी दिल्यासारखं. भांडण नेहमीचंच होतं. ग्रीकांतून आलेल्या भावांनी आम्हा यहुद्यांच्या पंगतीत बसायचं की नाही? हल्ली आमच्याकडे पंगती दोन बसतात, आणि सगळ्यांनी एक व्हावं म्हणून प्रार्थना मात्र एकच होते. शिवी देणारा इथे अंत्युखियातच जन्मलेला आणि वाढलेला. त्याने आयुष्यात एक सदूकी पाहिला नसेल. मी पाहिलाय. यरुशलेमात माझ्या दारासमोर राहायचा तो, अकरा वर्षं. मला इतका राग आला की घास हातातच राहिला.

त्याचं नाव यकीम. याजकाच्या कुळातला, पण जन्मापासून एक पाय आखूड. व्यंग असलेल्या याजकाला वेदीपाशी जाता येत नाही, म्हणून त्याला मंदिराच्या लाकूडखोलीत बसवलेलं. वेदीवर जाळायचं एकेक लाकूड हातात घ्यायचं, फिरवून बघायचं, अळीचं भोक दिसलं की बाजूला टाकायचं. चाळीस वर्षं त्याने हेच केलं, आणि त्याच्या डोळ्यांना तीच खोड लागली. माझ्या नव्या ओढणीपासून राज्यपालाच्या फर्मानापर्यंत त्याला सगळीकडे अळी दिसायची. मी बाजारातून अंजीर आणले की म्हणायचा, “आण इकडे, बघू दे.” आणि खरंच अळी काढून हातावर ठेवायचा.

बापजादे सदूकी पंथाचे, म्हणून हाही सदूकी. मोशेने लिहिलंय ते खरं, बाकी सगळं माणसांनी जोडलेलं. देवदूत नाहीत, मेल्यावर उठणं नाही. माझा नवरा मत्तन आणि मी तेव्हा नुकतेच, मेलेल्यांतून उठला असं आम्ही मानतो त्या नासरेथकराच्या वाटेला लागलो होतो, आणि आमचं तर सगळं त्या उठण्यावरच उभं. मी मुद्दाम त्याला छेडायची.

“काका, मग मेल्यावर काय होतं हो?”

“लाकूड,” तो म्हणायचा. “तेही अळी लागलेलं.”

आमच्या अंगणात पाच दारं होती. एक आमचं, एक यकीमचं. तिसरं तेलवाल्या हिल्कियाचं. हा तीन वर्षं मृत समुद्राकाठी एस्सेनी बैराग्यांत राहून आलेला. ते लोक अंगाला तेलाचं बोट लावत नाहीत. हा परत आला आणि त्याने पहिलं काम काय केलं, तर तेलाचं दुकान टाकलं. तरी सकाळची प्रार्थना होईपर्यंत कुणाशी अक्षर बोलायचं नाही, ही तिकडची सवय काही सुटली नाही. आम्ही तोवर त्याच्याकडे तेल मागायला जायचोच नाही.

माडीवर तिरसा राहायची. विधवा, विणकरीण, आणि हाडाची परूशी, म्हणजे वाडवडिलांचा एकूणएक नियम पाळणाऱ्या पंथातली. विकत आणलेल्या जिऱ्यातलाही दहावा हिस्सा देवासाठी बाजूला काढणारी. खाली कोपऱ्यात तिची थोरली जाऊ मारा. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही गेलेले. जावाजावांचं फारसं पटायचं नाही, पण सांभाळून घ्यायच्या.

एका हिवाळ्यात मारा टाक्याच्या पायरीवरून घसरली, खुबा मोडला, आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. तिरसाच्या माडीवर मागाने सगळी जागा अडवलेली, आणि माराला नवऱ्याची खोली सोडायची नव्हती. मग तिरसाच दिवसातून दहा वेळा खाली यायची. गरम पेज आणायची, ओले कपडे बदलायची, कोरडे घालायची. सहा दिवस सगळं ठीक चालायचं. सातव्या दिवशी अडायचं.

शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी सूर्य बुडाल्यापासून शनिवारी बुडेपर्यंतच्या विसाव्याच्या दिवशी, एका घरातली वस्तू दुसऱ्या घरात न्यायची नाही. परूश्यांनी त्यावर एक तोड काढली होती. शुक्रवारी अंगणातल्या प्रत्येक घराने एकेक भाकरी द्यायची, सगळ्या भाकऱ्या एका टोपलीत ठेवायच्या. अन्न एकत्र आलं, म्हणजे अख्खं अंगण एकच घर, मग हवं ते न्या, हवं ते आणा. पण एक दार जरी बाहेर राहिलं तरी टोपली फुकट. तिरसा टोपली घेऊन यकीमच्या दाराशी उभी राहिली.

“याजकबुवा, एक भाकरी द्या.”

“खायला हव्यात? दहा ने. त्या टोपलीसाठी मागशील तर तुकडा मिळायचा नाही.”

“का म्हणून?”

“पाच भाकऱ्या एकत्र ठेवल्या की पाच घरांचं एक घर होतं होय? मग रोमी छावणीतूनही एक आण. अख्खं साम्राज्य आपलंच घर होऊन जाईल.”

हिल्किया हसला. तिरसा नाही हसली.

“बरं, भाकरी नको. ‘या शब्बाथपुरता अंगणातला माझा वाटा सोडला’ एवढं तरी म्हणा. तेवढंही चालतं.”

“मी इथे बसलेला असणार, चूल माझी, अंथरूण माझं, आणि देवासमोर म्हणू की इथे माझं काही नाही? जे नाही ते मी बोलत नाही, तिरसा.” त्याने दार लावून घेतलं.

त्या शब्बाथला शुक्रवारी ठेवलेले कोरडे कपडे दुपारपर्यंतच संपले. तिरसा जावेजवळ रिकाम्या हाताने बसून राहिली. जीव जात असता तर सगळ्याला मुभा होती, पण ओल्या कपड्यांनी जीव जात नाही, लाज जाते. मी म्हटलं, मी आणते कपडे, आमच्याकडे एवढं कडक नाही. तर माराच माझ्यावर खेकसली.

“तुझ्या पापावर मला कोरडं व्हायचं नाही. जा घरी.”

मग ती भिंतीकडे तोंड करून रडली. अंगण केवढंसं, सगळ्यांना ऐकू येत होतं. मी यकीमच्या बंद दारासमोर उभी राहिले आणि त्याला ऐकू जाईल असं म्हणाले, “दगड आहे मेला. नुसता दगड.”

पुढच्या शुक्रवारी दुपारी यकीम काठी आणि गाठोडं घेऊन बाहेर आला. दाराला कुलूप लावलं.

“लेकीकडे चाललोय, शिलोहच्या टाक्यापाशी,” तो कुणाकडे न बघता म्हणाला. “तिच्या हातची डाळ खावीशी वाटली. शब्बाथ सरला की येईन.”

जो शब्बाथला दुसरीकडे मुक्कामाला जातो त्याचं घर धरायचं नाही, असा तिरसाच्या लोकांचा नियम. तिने पटकन हिशेब केला, चार घरं, चार भाकऱ्या. त्या शब्बाथला मारा गरम पेज प्यायली आणि कोरड्यात झोपली. “ब्याद गेली एकदाची,” मी म्हटलं.

ब्याद दर शुक्रवारी जायला लागली. ऊन असो, थंडीचा पाऊस असो, दुपार कलली की काठीचा आवाज गल्लीतून खाली उतरत जायचा. शिलोहपर्यंत नुसत्या पायऱ्याच पायऱ्या आहेत, चांगल्या पायाच्या माणसालाही दम लागतो. असे सहा हिवाळे गेले. एकदा त्याची लेक मला बाजारात भेटली.

“शिफ्राकाकू, बाबांना तुमच्या अंगणात काही त्रास आहे का हो?” ती म्हणाली. “दर शुक्रवारी येतात. आमची एक खोली, त्यात चार माणसं. ह्यांच्याशी वाद घालतात. माझ्या डाळीला नावं ठेवतात. म्हणतात, यात अळी नाही एवढंच नशीब. मग येतात कशाला?”

“त्यांना आमचा गोंगाट सोसत नसेल,” मी म्हटलं. मला तेव्हाही कळलं नाही. एखाद्याला दगड ठरवून टाकलं की मग त्याच्याबद्दल विचार करायचे कष्ट आपण घेत नाही. मी सहा वर्षं घेतले नाहीत, याची मला अजून लाज वाटते.

सातव्या हिवाळ्यात एका शुक्रवारी काहीतरी पडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर यकीम उंबऱ्यावर पडलेला, गाठोडं एकीकडे, काठी एकीकडे. अंग तापाने फणफणलेलं. मत्तनने आणि हिल्कियाने त्याला उचलून आत निजवलं. भिंतीवरचं ऊन वर सरकत चाललं होतं. तिरसा टोपली घेऊन माडीवरून उतरली आणि दारात थबकली.

“मला उचला,” यकीम म्हणाला. “बाहेर न्या.”

“कुठे?” मी विचारलं.

“कुठेही. हिल्कियाच्या दुकानात टाका. नाहीतर रस्त्यावर टाका. सूर्य बुडायच्या आत हे घर रिकामं करा.”

“काका, ताप डोक्यात गेलाय तुमच्या. पडून राहा.”

“ताप पायात गेलाय, डोकं ठीक आहे.” त्याने मान वळवून तिरसाकडे बघितलं. “तू तरी समजाव हिला. मी इथे राहिलो तर तुझ्या चार भाकऱ्या फुकट जातील. आणि मग ती पलीकडची...” त्याने माराच्या खोलीकडे हात केला आणि खोकत राहिला.

तिरसा तशीच उभी होती. तिचे ओठ हलत होते, ती मोजत असावी.

“सहा हिवाळे,” ती म्हणाली. “पण याजकबुवा, तुम्हाला तर आमची टोपली खोटी वाटते.”

“खोटीच आहे. पण ती बाई ओल्यात झोपते ते खोटं नाही. आणि मी गेलो की घर रिकामं असतं, तेही खोटं नाही. आता उचला लवकर.”

मला रडूच फुटलं. मी त्याला ज्या दारासमोर दगड म्हटलं होतं त्याच दाराला धरून उभी होते.

तिरसाने टोपली खाली ठेवली. “कुणी कुठे जायचं नाही,” ती म्हणाली. “मत्तन, हिल्किया, जाऊबाईंना खाटेसकट इथे आणा. शिफ्रा, चल, पेजेचं भांडं ऊब टिकेल असं गवतात गुंडाळून घे. कपडे घे, पाणी घे. सगळं ऊन जायच्या आत.”

“याच्या घरात?” मी विचारलं. तिच्या लेखी त्याची भांडी अशुद्ध, इतक्या वर्षांत तिने त्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं.

“भांडी माझी आणते की. चल म्हणते ना.”

आम्ही धावलो. मारा वाटेत खाटेवरून ओरडत होती, “अरे, हळू! मला टाक्यात टाकताय की काय?” ऊन भिंतीवरून गेलं तेव्हा त्या एका खोलीत दोन आजारी माणसं, एक परूशीण, तेलवाला, मी, माझा नवरा, आणि शब्बाथला लागणारं सगळं सामान होतं. सगळं एकाच छपराखाली, त्यामुळे शब्बाथभर कुणाला काही उंबऱ्यापलीकडे न्यावं लागलं नाही. यकीमचं मोडलं नाही, तिरसाचंही मोडलं नाही. आमचं काय, त्या दाटीत आम्हाला पाय दुमडून बसायलाही जागा नव्हती एवढंच.

मारा त्याच्याकडे बघत पडली होती. “माझ्यासाठी एवढ्या पायऱ्या उतरलास, आणि एका शब्दाने बोलला नाहीस?”

“तुझ्यासाठी कुठे?” यकीम म्हणाला. “लेकीच्या डाळीसाठी.”

“ती डाळ मी खाल्लीय एकदा,” मारा म्हणाली, आणि दोघंही खोकेपर्यंत हसले.

मग त्याने खोलीभर नजर फिरवली, लाकूड फिरवून बघावं तशी, एकेका चेहऱ्यावरून. “हं,” तो म्हणाला. “हे एक घर झालं. यात अळी नाही.”

वसंतातला वल्हांडणाचा सण यायच्या आधीच तो गेला. त्याच्या हिशेबाने त्याला पुढे काही मिळायचं नव्हतं, उठणं नाही, बक्षीस नाही, कुणी शाबासकी देणार नाही. आम्ही एवढं प्रेम प्रेम करतो, पण आमचा एक डोळा कायम स्वर्गाच्या दाराकडे. आणि जी गोष्ट आपल्याला चुकीची वाटते ती दुसऱ्याला पाळता यावी म्हणून आमच्यातलं कोण चार पायऱ्या तरी उतरलंय?

हे सगळं मी परवा मंडळीत सांगितलं. संपल्यावर दोन्ही पंगतींनी माना डोलावल्या. दोघांनाही वाटलं, म्हातारी पलीकडच्यांनाच बोलतेय.

एक मात्र मी त्यांना सांगितलं नाही. यकीमला पुरल्यावरच्या शुक्रवारी तिरसा टोपली घेऊन खाली आली आणि सवयीने त्याच्या बंद दाराशी थांबली.

“शिफ्रा,” ती म्हणाली, “आमचे गुरुजी म्हणतात, जो उठणं मानत नाही त्याला येणाऱ्या जगात जागा नाही.”

“आमच्यातही असंच म्हणतात काही जण,” मी म्हटलं.

तिने टोपली या हातातून त्या हातात घेतली.

“तसंच असेल, तर ते जग येईल त्या दिवशी मी दुसरीकडे मुक्कामाला जाईन,” ती म्हणाली. “माझं घर रिकामं असेल, तिथे त्याला ठेवा म्हणावं. आणि ते माझं घर दाराजवळचंच द्या म्हणावं. पाय आखूड आहे त्याचा.”