ऐकू येणारा अभ्यास

आमच्या घरात अभ्यास ही ऐकायची गोष्ट होती. थोरली दहावीत गेली तेव्हा मी नियम केला. संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ तिनं आतल्या खोलीत मोठ्यानं वाचायचं आणि मी ओसरीवर बसून ऐकायचं. मुकाट्यानं वाचणारी पोर वाचून राहिली की झोपून राहिली, हे बाहेरून कळणार कसं? माझ्या बाबांनी मलाही असंच वाढवलं. ते खळ्यावर धान सारखं करत आणि मी कोपऱ्यात बसून भूगोल ओरडत असे. जगातल्या नद्या आमच्या बैलांना पाठ झाल्या असतील, मला झाल्या नाहीत. पण पद्धत मला फार आवडली होती.

शाळेनंही एक वही दिली होती. रोज काय वाचलं, किती वेळ वाचलं, आणि खाली पालकांची सही. सहीच्या वर छापलेलं असे, ‘अभ्यास माझ्यासमोर झाला.’ कोहमाऱ्याच्या चौकात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. तिथे पावतीवर मी नुसती रेघ ओढतो, पण या वहीत पूर्ण नाव लिहून, खाली दोन टिंबं देऊन सही करायचो. सहाला शटर ओढताना गिऱ्हाईक आलं तर त्याला म्हणायचो, उद्या या, घरी दहावी आहे. म्हणजे जणू पेपर मलाच द्यायचे होते.

थोरलीला अकरावीला सायन्स घ्यायचं होतं. त्यासाठी गणित चांगलं हवं, म्हणून गणित रविवारी मी स्वतः घ्यायचो. पत्र्याचे चौरस फूट तोंडी काढणाऱ्या माणसाला स्वतःबद्दल असे गैरसमज होतात. वर्गसमीकरणं सुरू झाली. क्षचा वर्ग एकोणपन्नास, तर क्ष किती? मी म्हणालो, सात. ती हळूच म्हणाली, उणे सातपण येते ना बाबा? मी तिला समजावलं की इतक्या वर्षांत माझ्या दुकानात उणे सात किलो खिळे मागायला कोणी आलेलं नाही. ती हसली. मला वाटलं, पटलं.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. त्या संध्याकाळी आतून इतिहास असा खणखणीत येत होता की मला भरून आलं. बायकोनं उकडलेले शिंगाडे ठेवले होते. बशी भरली आणि पोरीला शाबासकी द्यावी म्हणून आत गेलो.

आत थोरली नव्हती. सातवीतली धाकटी गादीवर पालथी पडून दहावीचा इतिहास वाचत होती. एका हातानं पुस्तक धरलेलं, दुसऱ्या हातानं कागदावर रांगोळीचे ठिपके काढणं चालू. दोघींचा आवाज सारखा आहे, असं पाहुणे नेहमी म्हणत आणि मला त्याचं कौतुक वाटे. मला बघूनही तिनं हातातलं वाक्य पूर्ण केलं.

ताई कुठे आहे, मी विचारलं.

“मी नाही सांगत. आईले विचारा.”

बायकोनं पीठ मळता मळता सगळं सांगितलं. पहिल्या चाचणीत पोरीनं माझ्या पद्धतीनं प्रत्येक गणिताचं एकच उत्तर लिहिलं आणि अर्धे अर्धे गुण गमावले. तो पेपर मला दाखवलाच नव्हता. दोन घरं सोडून वनरक्षक राहतात. त्यांची बायको सालेकशाकडची, बी.एस्सी. झालेली. तिच्याकडे पोरगी दोन महिन्यांपासून रोज मागच्या दारानं गणिताला जात होती. आणि माझ्या कानांसाठी धाकटीची नेमणूक झाली होती.

“मले सांगाचं नाही?” मी म्हणालो.

“तुमाले वाईट वाटलं असतं,” बायको म्हणाली आणि कणीक उलटी केली.

चोरून सिनेमाला गेली असती तर मी ओरडलो असतो आणि मोकळा झालो असतो. इथे ओरडायलाही जागा नव्हती. पोरगी अभ्यासच करत होती, फक्त माझ्यापासून लपून. वनरक्षकाची बायको आठवड्यापूर्वी दुकानात बिजागऱ्या घ्यायला आली होती. भाऊ, पोरगी हुशार आहे तुमची, म्हणाली. मी म्हणालो होतो, मेहनत घेतो आम्ही. तिनं मान हलवली होती. ती मान आता मला पुन्हा पुन्हा दिसू लागली. आणि त्या वहीत दोन महिन्यांच्या माझ्या सह्या होत्या, पूर्ण नावानिशी.

मी जेवलो. भाजीला मीठ नाही म्हणालो. मीठ होतं. मग थोरलीला सांगितलं, उद्यापासून कुठे जायचं नाही, गणित मी घेईन, रोज घेईन. ती हो म्हणाली. एवढ्या लवकर हो म्हणाली याचाही मला राग आला.

चार दिवस आम्ही ओसरीवर सतरंजी टाकून बसलो. सहामाही परीक्षा तोंडावर होती. मी आता सावध झालो होतो, प्रत्येक ठिकाणी उणे शोधत होतो. चौथ्या दिवशी गणित आलं, क्षचा वर्ग बरोबर पाच क्ष. मी म्हणालो, सोपं आहे, दोन्हीकडचा एक-एक क्ष काप, उरले पाच. उणे पाच येत नाही, याची खात्रीही करून घेतली. तिनं सुंदर अक्षरात पाच लिहिलं आणि खाली रेघ मारली.

ती पाणी प्यायला उठली तेव्हा मी सहज पुस्तकाची मागची पानं उघडली. उत्तर होतं, शून्य आणि पाच.

ती परत आली. मी बोट ठेवून दाखवलं. तिनं पाहिलं, पण तिला नवल वाटलं नाही.

“तुले मालूम होतं?”

“हो.”

“मंग बोलली काऊन नाही?”

ती पेन्सिलीला टोक करत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “उणे सातच्या वेळी बोलली होती ना बाबा.”

समोरून कोणी सायकलवर गेलं, त्यानं हात केला, मीही केला. पोरगी चुकीचं उत्तर जाणूनबुजून लिहीत होती, मला राग येऊ नये म्हणून. चार दिवसांत असं किती वेळा झालं असेल, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं आणि म्हणालो, जा, उशीर होऊन राहिला. कुठे, ते तिनं विचारलं नाही. चपला घालून ती निघालीसुद्धा.

दहावीचा निकाल लागला. गणित चांगलं निघालं, सायन्स मिळेल एवढं. दुसऱ्याच दिवशी केशोरीचा मामेभाऊ आला. धानाचं, पावसाचं बोलून झालं आणि मग त्यानं विचारलं, “गणिताची ट्यूशन कोठी लावली होती?”

मी खरं सांगणार होतो. तोंड उघडलं तेही त्याच हेतूनं.

“कायची ट्यूशन? घरीच. मीच घेत होतो.”

थोरली चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं होतं. भाऊ तिच्याकडे वळला, काय वो बाई, खरं काय?

“हो काका,” ती म्हणाली, “बाबाच घेत होते.”

तिच्या तोंडावर जराशी थट्टा असती तरी मला चाललं असतं. पण थट्टा नव्हती. तिनं आधी त्याला चहा दिला, मग मला दिला, आणि साखर बरोबर आहे का विचारलं. मी बरोबर आहे म्हणालो. भाऊ म्हणाला, त्याच्या पोरालाही पुढच्या साली माझ्याकडेच पाठवतो.