गोजरानं मांडवात घेतलेलं नाव

चाळीस वर्षांपूर्वी कान्हा पाटलाच्या मांडवामागं एक भांडण झालं, ते मी कान देऊन ऐकलं. हातात हळदीचं ताट होतं, म्हणून तिथं रेंगाळायला निमित्त होतं.

"गोजरावैनी, वेणूबाईचं नाव घ्यायचं नाय," कान्हा म्हणत होता. "ती आपल्या घरची नाय."

"मग तुला पाठीला बांधून मिठागरात कोन राबली? तुझी आई?"

"कामाची बाई होती. पितरांच्या पंगतीत कामाची बाई बसवली तर सोयरे हसतील."

"हसू देत. दात तरी दिसतील त्यांचे."

गोजरा आमच्या ऐरोलीच्या खाडीकाठच्या गावची धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारणीचा मान. हळदीच्या दिवशी ती धवला गाते, देवांना आणि त्या घरातल्या मेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावते, आणि ज्याचं नाव घेतलं त्याच्यासाठी केळीचं पान मांडतात. ज्याचं नाव राहिलं तो बाहेर उन्हात उभा राहतो, असं आम्ही मानतो. वेणूबाई डोंगरापलीकडच्या कातकऱ्यांची. कान्हाच्या आजोबांनी तिला दहा वर्षांची असताना आणली, ती परत गेलीच नाही. गोठ्याशेजारी झोपली, तिथंच मेली.

त्या दिवशी कान्हाच्या लेकाचं लग्न होतं. गोजरा नवीन होती, तरुण होती, घाबरली. नाव गाळून तिनं धवला गायला. तिच्या मागं ओळ धरायला मीच बसले होते, तेव्हा मीही गाळलं.

पुढं शेतं गेली, मिठागरं गेली, त्यावर काचेच्या इमारती आल्या. गोजराच्या भाताच्या खाचराच्या जागी आता गाड्या उभ्या राहतात. त्या बाजूनं जाताना ती अजून बांधावरून चालल्यासारखी पाय सांभाळून टाकायची. लग्नं मात्र होतच राहिली, आणि गोजरा गातच राहिली.

गेल्या वर्षी तिची नात प्राची नेरूळच्या कॉलेजात इतिहास शिकत होती. परीक्षा जवळ आली की ती मोठ्यानं वाचायची, नि आम्ही दोघी म्हाताऱ्या पावटे सोलत ऐकायचो. धडा अमेरिकेचा होता, चारशे वर्षांपूर्वीचा.

"व्हर्जिनियात इंग्रज उतरले," प्राचीनं वाचलं, "तेव्हा तिथं पोव्हाटन लोक राहायचे. मका पेरायचे, नदीत मासे धरायचे."

"म्हंजे आपल्यासारखेच," गोजरा म्हणाली. "मग त्यांना विचारून उतरले का?"

"नाही गं आजी. आधी उपाशी होते तेव्हा त्यांच्याकडूनच मका घेतला. मग तंबाखूला जमीन पाहिजे म्हणून लढाया झाल्या, नि ते लोक मागं मागं हटत गेले."

गोजरानं मिशरीचा डबा उघडला होता. तंबाखूचं ऐकून तो तिनं बंद केला. थोड्या वेळानं परत उघडला. सवय ती.

मग आलं आफ्रिकेतून धरून आणलेल्या लोकांचं. त्यांना त्याच तंबाखूच्या शेतात जुंपलं. वस्तीतल्या माणसांची एक जुनी यादी होती, तिच्यात गोऱ्यांची नावं होती आणि ह्यांच्यातल्या कितीकांपुढं नुसतं लिहिलं होतं, काळी बाई एक, काळा पुरुष एक.

"नाव?"

"नाही लिहिलं. एकीचं आहे, अँजेला."

"हे तिचं घरचं नाव?"

"नसेल. कुणीतरी ठेवलं असेल."

गोजराचे हात पावट्यांत थांबले. मला वाटलं डोळा लागला. मग ती माझ्याकडं वळून म्हणाली, "जमीन गेली त्यांच्यात आमी हाव, ते मला कल्लं. पन 'बाई एक' लिवनाऱ्यांतपन आमीच. कान्हाच्या मांडवात मी तेच केलं."

"चाळीस वर्षं झाली त्याला," मी म्हटलं.

"तेवढी वर्षं ती उन्हात उभी हाय."

दोन महिन्यांनी कान्हाच्या नातवाचं, दिपेशचं लग्न निघालं. कान्हा स्वतः बोलवायला आला. गोजरानं चहा दिला आणि सांगितलं, "वेणूबाईचं नाव घेईन. त्याशिवाय नाय गानार."

"म्हातारपनी भांडन उकरतेस?"

"मेल्यावर कसं उकरू?"

कान्हा चहा अर्धा टाकून उठला. आम्ही सगळ्यांनी तिला समजावलं. कान्हानं पाठ फिरवली तर गावात तिला कोण बोलावणार? धवल्याशिवाय ती काय, नुसती गुडघे धरून बसलेली म्हातारी. ती म्हणाली, "गुडघे तर धरूनच हाय."

हळदीला कान्हानं मोबाईलवरचा धवला स्पीकरला लावला. आवाज असा मोठा की तव्यावरचे घावन हलले. बाया खूश होऊन हळद दळत होत्या. आणि तिसऱ्या कडव्यात घणसोलीच्या कुणा हिरू म्हाताऱ्याला, त्याच्या दोन बायकांसकट, मांडवात बोलावलं. कुणाच्या तरी घरच्या लग्नात मोबाईलमध्ये भरून घेतलेला धवला तो. त्यांचेच पितर त्यात.

जातं थांबलं. कान्हाची सून सुचिता उठली, तिनं स्पीकरची वायर ओढली. "बाबा," ती म्हणाली, "परक्यांचे मेलेले घरात घेतलेत. आता त्यांना परत कोन धाडनार? मी पोराला हळद लावायची नाय."

कान्हा गोजराच्या दारात आला तेव्हा मी तिथंच होते. चप्पल बाहेर काढून तो नुसता उभा राहिला.

"वेणूबाई?" गोजरानं विचारलं.

"चल," तो म्हणाला.

तिनं आधी हिरू म्हाताऱ्याला आणि त्याच्या बायकांना मान देऊन घणसोलीला परत पाठवलं. मग कान्हाची माणसं बोलावली, आजोबा, आजी, बाप, आई. आईच्या नावाला लागून तिनं वेणूबाईला बोलावलं, गोठ्यातून नाही, पुढच्या दारातून. मी ओळ धरली. माझा आवाज फाटला, पण धरली. एक सोयरा हसला, खरंच. कान्हानं त्याच्याकडं बघितलं, मग आत जाऊन केळीचं एक पान आणलं आणि आईच्या पानाशेजारी मांडलं. बराच वेळ तो ते सरळ करत बसला.

गोजराचं ते शेवटचं लग्न. पावसाळा संपायच्या आत ती गेली.

त्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणं मांडवातला भात घेऊन ती खाडीवर निघाली होती, बोलावलेल्यांना वाटेला लावायला. पिशवी मला धरायला दिली, वाटेत माझ्या हळू चालण्यावर बोलली. काठावर एकेकाचं नाव घेऊन तिनं मूठमूठ भात सोडला. वेणूबाईचा सोडला. तळाशी थोडा उरला, तो हातात घेऊन म्हणाली, "आनि ती अँजेला. तिच्या घरचं नाव जे असंल ते."

"तिला कधी बोलावलीस?"

"मांडवात नाय बोलावली. ती कान्हाच्या घरची नाय. खाडी सगल्यांची."

हात धुऊन पदराला पुसले. येताना नेहमीसारखी मासळीवालीच्या टोपलीपाशी बसली, बोंबील दाबून बघितले, शिळे आहेत म्हणून नाक मुरडलं आणि घेतले.