उदेसिंग जागल्याची चोरबत्ती

उदेसिंग जागल्या गस्तीला बायकोला बरोबर घेऊन फिरायचा, हे खापरमधल्या जुन्या माणसांना अजून आठवतं. आठवतं ते हसण्यापुरतं. म्हणे इतका संशयी माणूस की बायकोलाही नजरेआड होऊ देईना. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. ज्यांनी त्याला धड पाहिलंसुद्धा नाही ते हे सांगतात, आणि वर डोळे मिचकावतात. खरं काय झालं ते माझ्या आजोबांच्या दुकानात झालं. आजोबांनी ते उदेसिंग वारल्यावरच घरात सांगितलं. आता त्यातलं कोणीच उरलं नाही, म्हणून लिहितो.

संशयी तो होताच, ते मी नाकारत नाही. गावाची राखण करणारा भिल्ल जागल्या तो, संशय हे त्याचं कामच होतं. कुत्रं भुंकलं तर का भुंकलं, आणि नाही भुंकलं तर त्याला कोणी काय खायला घातलं, हे तो शोधत बसे. वाटेत कोणी गोड बोललं की याला काय हवंय म्हणून तो थबके. लग्नाच्या पंगतीत सगळे उठले की मगच त्याचा घास तोंडात जाई. पण खापर हे गुजरातच्या वेशीवरचं गाव. चोरलेला बैल एकदा हद्दीपलीकडे गेला की गेलाच. अशा गावात उदेसिंगच्या जागलीत एक जनावर गेलं नव्हतं, हेही हसणाऱ्यांनी सांगायला हवं.

महायुद्धाच्या आधीची गोष्ट. एकदा दिवेलागणीला गावातला दोधू नावाचा शेतकरी पाटीलवाड्यासमोर ओरडत आला. त्याचा बैल दावं तोडून चालला होता आणि तो उदेसिंगच्या अगदी समोरून गेला होता. उदेसिंग जागचा हलला नव्हता. बैल ओढ्याशी सापडला, पण पाटलाने उदेसिंगला बोलावून सरळ सांगितलं की हातात काही उजेड घे, नाहीतर होळीनंतर मी दुसरा जागल्या बघतो. जागल गेली की जागलीचं शेतही जाणार होतं. त्याच शेतावर उदेसिंगचं घर चालत होतं.

कंदील त्याला नको होता. कंदील चोराला आधी जागल्या दाखवतो, असं त्याचं म्हणणं, आणि ते काही चुकीचं नव्हतं. म्हणून बाजाराच्या दिवशी तो आजोबांकडे आला. आजोबांचं नाव सलाउद्दीन. घड्याळं, स्टोव्ह, कंदील दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, आणि नुकत्याच त्यांनी सुरतेहून सेलवर चालणाऱ्या बत्त्या आणल्या होत्या.

आजोबांनी तीन बत्त्या पुढे मांडल्या. पहिली तीन सेलची, लांबलचक. तिचा उजेड पार चिंचेच्या शेंड्यापर्यंत जाई. उदेसिंगने ती उचलली आणि विचारलं की ही मारायची आहे की लावायची. दिवसभर कमरेला खोचली तर चालताना मांडीला लागेल, शिवाय गावाला लांबूनच कळेल की जागल्याजवळ काय आहे. दुसरी चपटी, तंबाखूच्या डबीएवढी. बंडीच्या खिशात सहज मावणारी, पण तिचा उजेड पायापुरता, आणि तिचा चपटा सेल सुरतेशिवाय मिळत नसे. उदेसिंग म्हणाला, सेल संपला की मी सुरतेला जायचं का? आजोबांनाही ते पटलं. तिसरी दोन सेलची, मक्याच्या कणसाएवढी. तिचं डोकं फिरवलं की उजेड गोठाभर पसरे, उलटं फिरवलं की एका रेघेत लांब जाई. कळ पुढे सरकवली तर बत्ती लागून राहायची, नुसती दाबली तर बोट उचलताच विझायची. जवळचं, लांबचं, लपून बघायचं, सगळं एकाच बत्तीत होत होतं.

उदेसिंगने ती हुंगली. कानाशी हलवली. मागचं झाकण उघडून आत आग कुठे आहे ते पाहिलं. काचेवर तळहात ठेवून भाजतंय का ते बघितलं. आजोबा गल्ल्यावर हनुवटी टेकून बसून राहिले.

"नाव काय शे हिनं?" त्याने विचारलं.

"चोरबत्ती."

उदेसिंगने बत्ती खाली ठेवली. "चोरनी बत्ती जागल्याना हातमा? लोके काय म्हनतीन?"

तुम्हा-आम्हाला हे हसू येण्यासारखं वाटेल. भिल्लाला वाटणार नाही. तालुक्यात काही झालं की फौजदार आधी कोणाच्या झोपडीत शिरायचे, ते त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. त्याच्या कमरेला सापडलेल्या वस्तूच्या नावातच चोर असणं ही त्याच्यासाठी साधी गोष्ट नव्हती.

"चोर पकडानी बत्ती म्हन मंग," आजोबा म्हणाले.

त्याने बराच विचार केला आणि ती तिसरी बत्ती घेतली. नेण्याआधी दोन्ही सेलवर खिळ्याने खूण ओरखडून ठेवली, दुकानदाराने मागाहून बदलू नयेत म्हणून. आजोबांच्या डोळ्यांदेखत ओरखडली. मी असतो तर त्याला दुकानातून घालवलं असतं, पण आजोबांचा स्वभाव थंड होता.

पुढच्या बाजाराला तो बत्ती घेऊन परत आला. बत्ती खराब आहे, उजेडच पडत नाही, म्हणाला. आजोबांनी झाकण उघडलं. खुणा जशाच्या तशा होत्या, तरी त्यांनी नवे सेल घातले. तो गेला आणि पुन्हा पुढच्या बाजाराला आला. यावेळी आजोबांनी आतला काचेचा दिवा बदलला, काच पुसली, स्प्रिंग ओढून बसवली. तिसऱ्या वेळी तो आला तेव्हा त्याने कारणच शोधून आणलं होतं.

"नावच चोर शे हिनं. उजेड पोटमा ठेवस, बाहेर थोडासा सोडस."

आजोबांनी त्याला दुकानामागच्या खोलीत नेलं. तिथे खिडकी नव्हती, भर दुपारीही तिथे हात दिसत नसे. त्यांनी बत्ती लावली आणि समोरच्या भिंतीवर उजेडाची गोल चकती पडली. भिंतीला माझ्या आजीने, खातूनने, लसणाच्या जुड्या टांगल्या होत्या. त्यांच्या पाकळ्यांवरची जांभळी रेघसुद्धा आजोबांना दिसत होती.

"देख," ते म्हणाले.

उदेसिंग भिंतीच्या थोडं बाजूला बघत होता. "कोठे?" त्याने विचारलं.

तेव्हा आजोबांनी बत्ती किंचित वळवली आणि त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. बुबुळांवर राखेसारखा पांढुरका पडदा होता. बैल समोरून कसा गेला ते त्यांना कळलं. जगातल्या प्रत्येक वस्तूवर संशय घेणाऱ्या या माणसाने स्वतःच्या डोळ्यांवर तेवढा घेतला नव्हता. की घेतला होता आणि दाबून टाकला होता, हे आजोबांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

त्यांना सांगवेना. बाहेर बाजार भरलेला, दुकानात माणसं उभी. एक शब्द बाहेर गेला असता तर संध्याकाळपर्यंत पाटलाच्या कानावर पडला असता, आणि होळी आता जवळ आली होती. ते एवढंच म्हणाले की बत्ती मला तर ठीक दिसते. हे ऐकून उदेसिंग भडकला. दुकानदार आपल्या मालाला वाईट कशाला म्हणेल, असं म्हणून तो पुढच्या बाजाराला साक्षीदार आणतो असं बजावून गेला.

साक्षीदार म्हणून त्याने फुलीबाईला आणलं. त्याची बायको. आजोबांना याचं नवल वाटलं, कारण या दोघांचं कधी जमलेलं कोणी पाहिलं नव्हतं. तो म्हणे ज्वारी चांगली आली, की ती म्हणे कणसं पोकळ आहेत. तो म्हणे पाऊस येईल, की ती वाळवण बाहेर काढी. घरात कोणाला राग येत नसे, ते तसंच होतं. उदेसिंगनेच आजोबांना कारण सांगितलं. दुसरा कोणी आणला तर तो माझ्या किंवा तुझ्या बाजूने बोलेल. ही माझ्या बाजूने कधीच बोलत नाही, म्हणून हिची साक्ष खरी.

संध्याकाळ व्हायला आली होती, बाजार उठत होता. तिघं मागच्या खोलीत गेले. आजोबांनी बत्ती भिंतीवर धरली. आत येण्याआधी त्यांनी सेल पुन्हा नवे घातले होते, त्यामुळे भिंत अगदी लख्ख दिसत होती. फुलीबाईने भिंतीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. तो तसाच, थोडा बाजूला बघत उभा होता.

"सांग," उदेसिंग म्हणाला. "दिसस का तुले?"

फुलीबाईने पुन्हा भिंतीकडे पाहिलं. आजोबा सांगायचे, तिला सगळं दिसत होतं हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं, आणि ते तोंड फक्त मलाच वाचता येत होतं.

"नही," ती हळूच म्हणाली. "माले बी कमीच दिसस. तुन्हं बराबर शे. बत्ती खराब शे."

उदेसिंगने तिच्या आवाजाकडे मान वळवली. आयुष्यभर त्याने हजार माणसांचं खोटं पकडलं होतं. कोण किती बोलतो, कुठे थांबतो, कशाला हो म्हणतो, यावरून पकडलं होतं.

"तू माले हो म्हनस?" तो म्हणाला.

तिने पदर तोंडाशी धरला.

उदेसिंग मटकन खाली बसला. लसणाच्या भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात गुडघ्यांवर टाकून बसला. आजोबांना वाटलं, हा आता रडणार. तो रडला नाही. चेहरा मात्र असा झाला की आजोबांना तिथे उभं राहण्याची लाज वाटली आणि ते बाहेर जायला निघाले. तेवढ्यात त्याने हात पुढे करून बत्ती मागितली.

त्याने ती हातात घेतली. बोटांनी कळ चाचपली, डोकं एकदा या बाजूला फिरवलं, एकदा त्या बाजूला. मग फुलीबाईचा आवाज आला होता त्या दिशेने ती पुढे केली.

"धर. पुढे चाल," तो म्हणाला. "आन जे दिसस तेच सांग."

फुलीबाईने बत्ती घेतली आणि उजेड दाराकडे वळवला.

"उंबरा शे," ती म्हणाली.

उदेसिंगने चाचपून न पाहता पाय उचलला आणि पलीकडे टाकला.